गाय 'बसली' म्हणजे नेमके काय? प्राणीवर्तन आणि प्राणीकल्याण विद्यापीठात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

प्राण्यांचे वर्तन आणि प्राण्यांचे कल्याण हे दोन विषय विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत बहुतेक वेळा जोडीने येतात आणि त्यामुळे ती एकाच विषयाची दोन नावे आहेत असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रवेश घेण्याआधी हा समज दूर करावा, कारण कोणती पदवी, कोणती संस्था आणि कोणता मार्गदर्शक निवडायचा हे त्यावरच ठरते. वर्तनाचा अभ्यासक विचारतो की प्राणी अमुक गोष्ट का करतो. कल्याणाचा अभ्यासक विचारतो की त्या प्राण्याचे, त्याच्या स्वतःच्या बाजूने पाहिले तर, कसे चालले आहे. साखळदंडाने बांधलेला हत्ती तासन्‌तास डुलत उभा राहतो, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. ते डुलणे केव्हा सुरू होते, कशाने वाढते आणि कशाने थांबते, हा वर्तनाचा प्रश्न झाला. ते सध्याच्या त्रासाची खूण आहे की फार पूर्वीच्या त्रासाची मागे उरलेली सवय, आणि साखळी काढल्यास त्या हत्तीचे दिवस सुधारतील काय, हा कल्याणाचा प्रश्न झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावाचून देता येत नाही, म्हणून हे विषय जोडीने शिकवले जातात. परंतु पहिल्या विषयात रमणाऱ्याला दुसरा रुचेलच असे नाही.

वर्तनाच्या अभ्यासाची चौकट निको टिंबर्खन यांनी 1963 साली चार प्रश्नांत मांडली आणि आजही जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा त्या चार प्रश्नांवरच खर्च होतो. गल्लीतला कुत्रा दुचाकीमागे धावतो, हे आपल्या रोजच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. धावण्याला त्या क्षणी काय कारणीभूत झाले: चाकाची हालचाल, आवाज की चालकाचा वास, हा पहिला प्रश्न. ही सवय त्या कुत्र्याच्या आयुष्यात कशी घडली, पिल्लू असताना त्याने ती इतर कुत्र्यांसोबत धावून उचलली काय, हा दुसरा. असे धावण्याने त्याला हद्द राखण्यात, म्हणजे अंतिमतः जगण्यात आणि प्रजननात, काही लाभ होतो काय, हा तिसरा. आणि पळणाऱ्या वस्तूमागे धावण्याची ही ओढ त्याच्या पूर्वजांकडून कशी आली, हा चौथा. चारही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. परीक्षेत आणि पुढे संशोधनातही सर्वाधिक गोंधळ होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर दिल्यामुळे. टिंबर्खन, कोन्राड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चे शरीरविज्ञान व वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पाखरे, मासे आणि मधमाश्या यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहत बसलेल्या तीन माणसांना वैद्यकाचे पारितोषिक मिळावे, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही.

कल्याणशास्त्राचा जन्म मात्र रानात झाला नाही; तो कोंबड्यांच्या पिंजऱ्यांतून झाला. ब्रिटनमध्ये 1964 साली रूथ हॅरिसन यांनी कारखानी पद्धतीच्या पशुपालनावर पुस्तक लिहिले, त्यावरून मोठी खळबळ उडाली आणि सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये अहवाल दिला. त्या अहवालातील विचारांतूनच पुढे 'पाच स्वातंत्र्ये' ही मांडणी आली: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-इजा-आजार आणि भीती-ताण या चारांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. याच समितीची एक चूक वर्गात आवर्जून शिकवण्याजोगी आहे. पिंजऱ्याच्या तळाशी बारीक षट्कोनी जाळी असणे कोंबड्यांच्या पायांना वाईट, असे समितीला वाटले आणि तिने जाड तारेची जाळी सुचवली. पुढे 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तेव्हा कोंबड्या बहुतांशी त्याच बारीक जाळीवर जाऊन उभ्या राहिल्या. समितीतील सदस्य सुज्ञ होते आणि त्यांचा हेतूही चांगला होता. त्यांनी फक्त कोंबडीला विचारले नव्हते. प्राण्याला कसे विचारायचे, म्हणजे त्याच्यापुढे पर्याय कसे ठेवायचे, त्यासाठी तो किती श्रम घेतो हे कसे मोजायचे आणि त्याने निवडलेली गोष्ट दीर्घकाळात त्याच्या हिताचीच असते काय, या प्रश्नांभोवती अभ्यासक्रमाचा मोठा भाग फिरत राहतो.

प्रवेशाआधीचा महिना

'मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे' एवढ्या भांडवलावर हा विषय निभत नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे. आवड हवीच, पण विषयाचे पहिले कौशल्य आहे ते अर्थ न लावता वर्णन करण्याचे, आणि ते प्रवेशाआधीच घरी शिकता येते. त्यासाठी वाघ, डॉल्फिन किंवा परदेशी पोपट लागत नाही. गावाकडे गोठा असेल तर गाय, शहरात असाल तर चौकातली तीन-चार कुत्री किंवा इमारतीच्या छज्ज्यावरची कबुतरे पुरेशी आहेत.

पहिल्या दोन दिवसांत फक्त पाहावे आणि जे दिसेल ते लिहावे. नंतर त्या लिखाणातले अर्थ लावणारे शब्द खोडावेत. 'गाय रागावली', 'कालवड लाडात आली', 'कुत्रा खूश झाला' ही वाक्ये नोंदी नाहीत, निष्कर्ष आहेत. 'गाईने मान खाली घालून शेजारच्या गाईला कपाळाने ढुशी दिली' ही नोंद आहे. कुत्र्याचे शेपूट हलले म्हणजे तो आनंदला, हेही आपण फार सहज लिहून जातो. इटलीतील संशोधकांनी 2007 साली दाखवले की मालक दिसल्यावर कुत्र्यांचे शेपूट उजवीकडे अधिक झुकत हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आल्यावर डावीकडे. 'शेपूट हलवले' एवढेच लिहिणाऱ्याच्या वहीतून हा फरक कायमचा निसटला असता.

यानंतर वर्तनांची यादी करून प्रत्येकाची व्याख्या लिहावी. या यादीला एथोग्राम म्हणतात. इथे मराठी विद्यार्थ्याची एक गमतीची अडचण होते. आपण 'गाय बसली' म्हणतो तेव्हा ती पाय दुमडून, छाती-पोट जमिनीला टेकवून असते. 'कुत्रा बसला' म्हणतो तेव्हा त्याचे ढुंगण जमिनीवर आणि पुढचे पाय ताठ उभे असतात. आणि 'कोंबडी बसली' म्हणजे ती अंडी उबवायला बसली असाही अर्थ होतो. एकाच क्रियापदात तीन शरीरस्थिती आहेत. इंग्रजी पाठ्यपुस्तकात गाईच्या या स्थितीला आडवे पडण्याचा शब्द वापरतात, त्यामुळे आपल्या वहीतले 'बसणे' तसेच भाषांतरित केले तर परदेशी वाचकाला गाय कुत्र्यासारखी बसल्याचे चित्र दिसेल, आणि तशी बसलेली गाय पाहून पशुवैद्य काळजीत पडेल. म्हणून व्याख्या शरीराच्या भागांत लिहावी: कोणता भाग जमिनीला टेकला आहे, पाय दुमडलेले की ताणलेले, मान वर की कुशीत वळवलेली. चांगल्या व्याख्येची कसोटी अशी की जनावरांची सवय नसलेल्या माणसाने ती वाचून तुमच्यासारखीच नोंद करावी.

मग नोंद घेण्याची पद्धत ठरवावी. जे लक्ष वेधेल ते टिपत गेलो तर भांडणे, धावपळ आणि ओरडणे भरपूर नोंदले जाते आणि स्वस्थ रवंथ करणारी गाय वहीत येतच नाही. बबून माकडांवर काम करणाऱ्या जीन आल्टमन यांनी 1974 च्या एका लेखात या चुकीची चिकित्सा केली आणि नोंदीच्या पद्धती नीट वेगळ्या केल्या. तो लेख आजही प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. नवशिक्याला दोन पद्धती पुरतात. एक, ठरावीक अंतराने सर्व जनावरांवर क्रमाने नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक जनावर काय करत आहे ते लिहिणे. दोन, एकच जनावर निवडून अर्धा तास फक्त त्याचे सर्व काही टिपणे. दावणीला सहा गाई असतील आणि तुम्ही दर दहा मिनिटांनी नजर फिरवत सहा तास बसलात, तर प्रत्येक गाईच्या 36 नोंदी मिळतात. त्यांतल्या 18 वेळा चांदी नावाची गाय बसलेली आढळली तर त्या सहा तासांतला साधारण निम्मा वेळ तिने बसून काढला असे म्हणता येते. आरामशीर जागा मिळालेली दुभती गाय दिवसाचे साधारण 10 ते 12 तास बसून काढते. तुमच्या गोठ्यात रात्र धरूनही हा आकडा फारच खाली आला, तर जमीन ओली आहे काय, फरशी घसरते काय, दावे आखूड आहे काय, हे पाहायला तुम्ही आपोआप उठता, आणि तिथेच वर्तनाच्या वहीतून कल्याणाचा प्रश्न उभा राहतो.

शेवटचा आठवडा सोबत्याला घेऊन काढावा. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांची वही न पाहता, त्याच जनावरांची नोंद करावी आणि मग किती ठिकाणी जुळते ते मोजावे. पहिल्या दिवशी निम्म्याहून अधिक ठिकाणी मतभेद निघाले तर खचू नये. बहुतेक वेळा दोष डोळ्यांचा नसतो, व्याख्येचा असतो. बर्लिनमधला 'हुशार हान्स' नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी विसाव्या शतकाच्या आरंभी ख्याती होती. तो खुराने जमिनीवर टकटक करून उत्तर देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये दाखवले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकडा जवळ आला की माणसाच्या अंगाची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल पाहून घोडा थांबत असे. घोडा हुशार होताच, फक्त गणितात नव्हे. तुमच्या नोंदीतही तुम्हाला काय निघायला हवे आहे हे जनावराला कळते, आणि त्याहून आधी तुमच्या पेन्सिलीला कळते.

वाट निवडताना

'प्राणीवर्तन आणि प्राणीकल्याण' अशी पाटी असलेली पदवी आपल्याकडे सहज सापडत नाही. विषय वेगवेगळ्या दारांमागे विखुरलेला आहे. बारावीला जीवशास्त्र असणाऱ्यांना पशुवैद्यकीय पदवीचे दार आहे. नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इत्यादी ठिकाणची महाविद्यालये येतात. त्यांतले मुंबईचे महाविद्यालय 1886 पासूनचे आहे. प्रवेश 'नीट' (NEET) या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो आणि आंतरवासिता धरून साडेपाच वर्षे लागतात. वर्तन आणि कल्याण हे विषय तिथे मुख्यतः पशुधन उत्पादन व व्यवस्थापन विभागाकडे असतात आणि पदव्युत्तर संशोधन त्याच विभागात करता येते. ज्यांना गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या कल्याणात खरोखर काही बदलायचे आहे त्यांच्यासाठी हीच वाट सर्वांत भक्कम आहे असे माझे मत आहे, कारण शेतकरी औषध देणाऱ्याचे ऐकतो आणि मग ओघात गोठ्याबद्दलचेही ऐकतो.

ज्यांना वर्तनाचेच कुतूहल आहे त्यांनी प्राणीशास्त्र किंवा मूलभूत विज्ञानाची वाट धरावी. पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यासारख्या संस्थांत पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. पुण्यातच आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयात एम.एस्सी. करता येते. वन्यप्राण्यांकडे ओढा असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहावेत. दोन्हीकडे जागा थोड्या असतात आणि दर वर्षी प्रवेश खुले असतीलच असे गृहीत धरू नये. मानसशास्त्राचेही दार आहे आणि त्याकडे आपली मुले पाहतच नाहीत. म्हैसूर विद्यापीठात मेवा सिंग यांनी सिंहपुच्छ माकडांवरचे दीर्घकाळचे काम जैवमानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून केले.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे काम पाहावे, हा सल्ला या विषयात अधिकच खरा ठरतो. राघवेंद्र गदगकर यांची पीएच.डी. रेणवीय जीवशास्त्रातली; बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या गांधीलमाश्यांची पोळी पाहणे हा तेव्हा त्यांचा छंद होता. पुढे त्यांनी एकेका माशीवर रंगाचे ठिपके देऊन तिचा वेळ कशात जातो ते मोजले आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह 1983 मध्ये दाखवले की पोळ्यातल्या माश्या बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या अशा तीन गटांत पडतात. राणी भांडणाऱ्यांत असेल असे कोणालाही वाटावे. ती निघाली बसणाऱ्यांत. वेळेचा हिशेब ठेवल्याशिवाय ही गोष्ट कळली नसती. त्यांच्याच विद्यार्थिनी अनिंदिता भद्रा यांनी पुढे कोलकात्याच्या आयसरमध्ये भटक्या कुत्र्यांच्या वर्तनावर प्रयोगशाळा उभी केली. भारतात या विषयाला प्राणी मिळत नाहीत ही सबब त्यामुळे उरत नाही.

अभ्यासक्रमात शिरल्यावर

पहिल्या सत्रापासून संख्याशास्त्र गंभीरपणे घ्यावे. प्राण्यांवरच्या प्रेमाने आलेले बरेच विद्यार्थी इथेच अडखळतात. 'आर' ही मोफत संगणकप्रणाली शिकून घ्यावी आणि एक चूक कायमची टाळावी: एकाच गाईच्या 500 नोंदी म्हणजे 500 गाई नव्हेत. नमुना एकाच जनावराचा आहे, तुम्ही ते पुष्कळदा पाहिले इतकेच.

प्रबंधाचा विषय लहान घ्यावा. 'प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांचे कल्याण' हा विषय नव्हे, ते एक आयुष्य आहे. 'खाद्य लपवून ठेवल्यावर अस्वलाच्या येरझाऱ्या कमी होतात काय' हा विषय चार महिन्यांत होतो. प्राण्यांवर प्रयोग करायचा असल्यास संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. ही व्यवस्था 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली चालते. रानातल्या प्राण्यांसाठी वनखात्याची परवानगी वेगळी, आणि तिला अपेक्षेपेक्षा नेहमीच जास्त वेळ लागतो. निव्वळ निरीक्षण करणार असलात तरी परवानगी लागते की नाही हे मार्गदर्शकाकडून लेखी घ्यावे.

कायदाही वाचावा, कारण कल्याणाचे शास्त्र शेवटी तिथे जाऊन धडकते. 1960 च्या या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे. त्या काळी तो कदाचित जाणवणारा असेल. बैलगाडा शर्यतींचे प्रकरण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावे असे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात पाच स्वातंत्र्यांचा आधार घेत जल्लिकट्टू हा तमिळनाडूतील बैलांचा खेळ आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या. आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आपले मत कोणतेही असो, दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावे की बैलाच्या अवस्थेबद्दल कोणता पुरावा मांडला गेला, कोणता मांडला गेला नाही, आणि कोणता मुद्दा शास्त्राचा नसून परंपरेचा किंवा विधिमंडळाच्या अधिकाराचा होता.

वर्तन न समजता केलेला उपाय कसा उलटतो याचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. जुन्नर परिसरातल्या उसात राहणारे बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की या स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. हद्द असलेल्या प्राण्याला अनोळखी ठिकाणी सोडणे म्हणजे काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी

एडिंबरा विद्यापीठाचा उपयोजित प्राणीवर्तन व प्राणीकल्याण हा एक वर्षाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम 1990 पासून चालू आहे आणि त्याला पशुवैद्यकाची पदवी असावीच लागते असे नाही. त्याच विद्यापीठाचा या विषयाचा प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर कोणालाही करता येतो. कर्ज काढण्याआधी तो पूर्ण करून पाहावा. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आणि स्वीडनमध्ये लिंकोपिंग विद्यापीठ येथेही या विषयाची चांगली परंपरा आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटी आणि मुदत आधी पाहावी, विद्यापीठ नंतर निवडावे.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवावी: परदेशातून या विषयाची एम.एस्सी. आणली म्हणून भारतात पशुवैद्य म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. चावऱ्या कुत्र्याला शिकवता येईल, मालकाचे वागणे बदलता येईल, पण औषध लिहून देता येणार नाही. दुखण्यामुळे चावणारे कुत्रे ओळखून वेळेत पशुवैद्याकडे पाठवणे हेच अशा सल्लागाराचे निम्मे काम असते.

अर्जासोबतचे हेतुपत्र लिहिताना बालपणीच्या पाळीव कुत्र्याचा परिच्छेद गाळावा. निवड करणाऱ्यांनी तसे परिच्छेद शेकड्यांनी वाचलेले असतात. त्याजागी गोठ्यातला तो महिना लिहावा: किती तास पाहिले, कोणती व्याख्या दोनदा बदलावी लागली, सोबत्याच्या नोंदी कुठे जुळल्या नाहीत आणि का. एथोग्रामचे एक पान नीट टंकून जवळ ठेवावे. मुलाखतीत ते मागितले जाईल असे नाही, पण 'तुम्ही काय पाहिलेत' हा प्रश्न आला की चांदीच्या 36 नोंदींवर दहा मिनिटे बोलता येते.